काउबॉय ॲक्शन शूटिंगमधील हलकी काडतुसे

काउबॉय ॲक्शन शूटिंग या नेमबाजीच्या खेळात खेळाडू स्वतः भरून वापरतात, त्या कमी वेगाच्या व कमी धक्क्याच्या काडतुसांना हलकी काडतुसे म्हणतात. ही काडतुसे भरताना बंदुकीची दारू कोणती निवडावी, हा या खेळातील एक महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न आहे. खेळात वापरली जाणारी बहुतेक काडतुसे एकोणिसाव्या शतकात काळ्या दारूसाठी तयार झाली. त्यामुळे त्यांच्या प्रशस्त पुंगळीत आधुनिक धूररहित दारूचा लहानसा भार घातल्यास बरीच जागा रिकामी राहते. दारू कमी केली की काडतूस आपोआप अधिक सुरक्षित होते, ही समजूत चुकीची आहे. भार दुप्पट पडला तर रिव्हॉल्व्हर फुटू शकते आणि फार कमी पडला तर गोळी नळीतच अडकते.

खेळाचे स्वरूप

काउबॉय ॲक्शन शूटिंगचा उगम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. खेळाचे नियमन करणारी सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पश्चिमेचा पेहराव करतात आणि त्या काळातील बंदुका किंवा त्यांच्या प्रतिकृती वापरतात. साधारणपणे दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, रिव्हॉल्व्हरचीच काडतुसे चालणारी एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन, अशी चार शस्त्रे लागतात. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या खणावर ठेवला जातो.

लक्ष्ये पोलादी असून ती जवळच्या अंतरावर मांडलेली असतात. गुणांकन वेळेवर होते आणि प्रत्येक चुकलेल्या नेमासाठी पाच सेकंद वाढवले जातात. लक्ष्य जवळ आणि स्पर्धा घड्याळाशी, यामुळे जोरदार काडतुसाचा काहीच लाभ होत नाही. धक्का जितका कमी, तितके रिव्हॉल्व्हर लवकर पुन्हा लक्ष्यावर स्थिरावते. हलक्या काडतुसांची मागणी यातूनच निर्माण झाली.

काडतुसाची रचना आणि पुनर्भरण

काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, दारू आणि गोळी. चाप ओढल्यावर घोडा पडतो, प्रायमर पेटतो आणि त्याच्या ज्वाळेने दारू पेट घेते. दारूच्या ज्वलनातून निर्माण होणारे वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतात. वापरलेली पुंगळी पूर्ववत आकारात आणून तिच्यात नवा प्रायमर, दारू व गोळी बसवण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. एका स्पर्धेत शेकडो काडतुसे लागू शकत असल्याने पुनर्भरणामुळे खर्च वाचतो. शिवाय काडतुसाचा जोर आपल्या गरजेप्रमाणे ठरवता येतो.

दारू व गोळी यांचे वजन ग्रेन या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम असून ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो.

काळ्या दारूचा वारसा

.४५ कोल्ट हे काडतूस १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरसाठी बनवले गेले. .४४-४० हे काडतूस त्याच वर्षीच्या विंचेस्टर रायफलसोबत आले. .४५ कोल्टच्या मूळ पुंगळीत सुमारे ४० ग्रेन काळी दारू मावत असे. धक्का कमी करण्याची गरज तेव्हाही जाणवली होती. सैन्याने पुढे आपल्या काडतुसांतील भार ३० ग्रेनच्या आसपास आणला.

काळी दारू भरताना गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहू द्यायची नसते. दारू गोळीखाली किंचित दाबलेलीच असावी लागते. त्यामुळे पुंगळीचा आकार आणि दारूचा भार यांचा मेळ आपोआप बसत असे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून व्यवहार्य धूररहित दारू तयार केली आणि हा मेळ मोडला. नवी दारू वजनाच्या मानाने कितीतरी अधिक ऊर्जा देते. .४५ कोल्टच्या हलक्या काडतुसास काळ्या दारूच्या साधारण सहाव्या ते आठव्या हिश्शाइतक्या वजनाची धूररहित दारू पुरते. काळ्या दारूचे माप घेऊन तेवढीच धूररहित दारू भरणे म्हणजे शस्त्राचा स्फोट ओढवून घेणे होय. त्याचप्रमाणे काळ्या दारूच्या काळातील जुनी मूळ रिव्हॉल्व्हरे धूररहित दारूसाठी योग्य नसतात. कोल्ट कंपनीने या दारूसाठी आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची हमी १९०० पासून दिली.

हलकेपणाचे मोजमाप

काडतुसाचा जोर शक्तिगुणकाने मोजतात. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि तिचा फूट प्रति सेकंद वेग यांच्या गुणाकारास एक हजाराने भागले की शक्तिगुणक मिळतो. ८५० फूट प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या २५० ग्रेनच्या गोळीचा शक्तिगुणक २१२.५ येतो. २०० ग्रेनची गोळी ७०० फूट प्रति सेकंद वेगाने गेल्यास तो १४० होतो, तर १०५ ग्रेनच्या गोळीचा ६५० फूट प्रति सेकंद वेगाला ६८.२५ इतकाच भरतो.

सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनुसार धूररहित दारूच्या काडतुसांचा शक्तिगुणक किमान ६० आणि वेग किमान ४०० फूट प्रति सेकंद असावा लागतो. वेगाची कमाल मर्यादा रिव्हॉल्व्हरसाठी १,००० आणि रायफलसाठी १,४०० फूट प्रति सेकंद आहे. पोलादी लक्ष्यावर आपटून तुकडे उलट उडू नयेत म्हणून तांब्याचे आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्याच वापराव्या लागतात.

हाताला बसणारा धक्का गोळीच्या संवेगाबरोबरच नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या संवेगावरही अवलंबून असतो. सारख्याच वेगाची सारखीच गोळी असली, तरी ३५ ग्रेन काळ्या दारूचा धक्का पाच-सहा ग्रेन धूररहित दारूच्या धक्क्यापेक्षा अधिक जाणवतो, तो यामुळेच.

ज्वलनाचा वेग

धूररहित दारूचे प्रकार ज्वलनाच्या वेगानुसार ओळखले जातात. दाण्याचा आकार, जाडी, त्यावरील लेप आणि नायट्रोग्लिसरिनचे प्रमाण यांवर हा वेग ठरतो. जलद दारू थोड्या भारातही लवकर दाब निर्माण करते व कमी दाबाला बऱ्यापैकी पूर्ण जळते. म्हणून हलक्या काडतुसांसाठी जलद दारूच निवडली जाते.

मंद दारू मोठ्या भारासाठी व उच्च दाबासाठी असते. .३५७ मॅग्नमसारख्या जोरकाडतुसांत वापरली जाणारी एच-११० ही गोलदाणी दारू याचे उदाहरण आहे. तिचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेखाली नेल्यास ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. मंद दारूचा भार कमी करून हलके काडतूस तयार होत नाही. त्यासाठी दारूच बदलावी लागते.

ज्वलनाच्या वेगाचे तक्ते प्रसिद्ध होतात, पण ते केवळ क्रम दाखवतात. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारूंचा भार एकमेकींच्या जागी वापरता येत नाही. प्रत्येक दारू, गोळी व काडतूस यांच्या जोडणीसाठी उत्पादकाने प्रसिद्ध केलेला भारच प्रमाण मानावा लागतो.

पुंगळीतील रिकामी जागा

रिकाम्या जागेचा पहिला परिणाम वेगावर होतो. म्यानातून काढताना रिव्हॉल्व्हरचे तोंड खाली असते, तेव्हा थोडीशी दारू गोळीकडे सरकते. तोंड वर असल्यास ती प्रायमरजवळ जमा होते. काही दारूंमध्ये या फरकामुळे गोळीच्या वेगात लक्षणीय तफावत पडते. या दोषास स्थितिसंवेदनशीलता म्हणतात. ती तपासण्यासाठी नळी एकदा खाली आणि एकदा वर झुकवून मग आडवी करून गोळी झाडतात आणि वेगमापक यंत्रावरील नोंदी ताडून पाहतात.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. भार पुंगळीच्या निम्म्यापेक्षा कमी जागा व्यापत असेल, तर त्याच पुंगळीत दारू दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही. पुनर्भरण यंत्रावर अनेक क्रिया एकाच वेळी चालू असतात. यंत्र मध्येच अडकले किंवा भरणाऱ्याचे लक्ष विचलित झाले, तर दुप्पट भार पडण्याचा किंवा पुंगळी कोरीच राहण्याचा धोका असतो. .४५ कोल्टची प्रमाणित दाबमर्यादा १४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. जलद दारूचा दुप्पट भार ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यात सिलिंडर फुटून नेमबाजास व जवळच्यांस इजा होऊ शकते.

तयार काडतूस तोलून हा दोष खात्रीने सापडत नाही. पुंगळ्या व गोळ्या यांच्या वजनांतील नेहमीचा फरक दारूच्या भाराइतका असू शकतो. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहणे हा मुख्य उपाय ठरतो. फुगीर, म्हणजे वजनाच्या मानाने अधिक जागा व्यापणारी दारू निवडल्यास दुप्पट भार पुंगळीबाहेर सांडतो किंवा निदान चटकन नजरेस पडतो.

प्रचलित प्रकार

ट्रेल बॉस ही दारू याच खेळाची गरज ओळखून तयार करण्यात आली. तिचे दाणे मेदूवड्यासारखे मधोमध छिद्र असलेले असून ती अतिशय फुगीर आहे. ती दाबून भरू नये, असा उत्पादकाचा इशारा आहे. २०२० नंतरच्या काळात ती बाजारात दुर्मीळ झाल्याने अनेक खेळाडू जुन्या प्रकारांकडे वळले.

रेड डॉट आणि क्लेज या मुळात शॉटगनच्या काडतुसांसाठीच्या दारू आहेत. दोन्ही जलद व बऱ्यापैकी फुगीर आहेत. मात्र पातळ चकत्यांसारखे दाणे असलेली दारू मापक यंत्रातून दर वेळी सारखी पडतेच असे नाही.

टाइटग्रुप ही दारू मोठ्या पुंगळीतील स्थितीचा वेगावर परिणाम होऊ नये, या हेतूने बनवलेली आहे. तिचा भार फार लहान असल्याने ती स्वस्त पडते. पण याच गुणामुळे दुप्पट भार पुंगळीत सहज दडून राहतो. १८९८ पासून प्रचलित असलेल्या बुल्सआय या जलद दारूबाबतही हीच सावधगिरी लागते.

युनिक ही १९०० पासूनची मध्यम वेगाची, अनेक कामांस उपयोगी पडणारी दारू आहे. कमी दाबाला ती अपुरी जळते व न जळलेले कण मागे राहतात.

काही स्पर्धक काळ्या दारूसाठी राखलेल्या गटांत भाग घेतात. तेथे काळी दारू किंवा तिचे मान्य पर्याय वापरणे बंधनकारक असते.

काजळी आणि दाब

गोळी झाडताना दाबाने पुंगळी फुगून खणाच्या भिंतीला चिकटते व वायूंना मागे येऊ देत नाही. दाब अपुरा असेल तर .४५ कोल्टची पुंगळी पुरेशी फुगत नाही. त्यामुळे पुंगळीवर आणि रायफलच्या यंत्रणेत काजळी साचते. .४४-४०च्या पुंगळीचे तोंड पातळ असल्याने ती कमी दाबालाही चांगली चिकटते. काहीशी जड गोळी घेतल्यास आणि पुंगळीची कडा गोळीभोवती घट्ट वळवल्यास आरंभीचा दाब वाढतो व ज्वलन स्वच्छ होते. सर्वांत हलकी गोळी आणि सर्वांत लहान भार एकत्र आले की काजळीही सर्वाधिक होते.

फुसका बार

दारू न पडलेले किंवा फार कमी पडलेले काडतूस उडाल्यास केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तेथेच थांबते. यास फुसका बार म्हणतात. आवाज दबका येतो व धक्का जाणवत नाही. घड्याळाच्या घाईत हे ध्यानात आले नाही आणि मागून दुसरी गोळी झाडली गेली, तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून संशयास्पद आवाज येताच पंच नेमबाजास थांबवतात.

रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांत एकच काडतूस वापरल्यास आणखी एक अडचण उद्भवते. रिव्हॉल्व्हरची नळी साधारण पाच इंच, तर रायफलची वीस इंच किंवा त्याहून लांब असते. आखूड नळीतून कशीबशी बाहेर पडणारी गोळी लांब नळीत घर्षणामुळे अडकू शकते. हलक्या भाराची किमान मर्यादा म्हणूनच दोन्ही शस्त्रांत तपासून ठरवावी लागते.

लहान पुंगळीचा पर्याय

रिकाम्या जागेवर दुसरा उपाय म्हणजे पुंगळीच लहान घेणे. .४५ कोल्टच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत १८७५च्या सुमाराचे, आखूड पुंगळीचे .४५ स्कोफील्ड काडतूस चालते. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल वापरता येते. कमी खर्च, सौम्य धक्का आणि तुलनेने लहान पुंगळी यांमुळे .३८ स्पेशल या खेळात विशेष लोकप्रिय आहे. मात्र आखूड काडतुसे लिव्हर ॲक्शन रायफलच्या यंत्रणेतून सुरळीत पुढे सरकतील याची खात्री करून घ्यावी लागते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी उत्पादन करण्यास तो लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मिती परवान्याशिवाय करता येत नाही. बंदुकीच्या दारूस विस्फोटक अधिनियम, १८८४ देखील लागू होतो.