सीताफळाची गुणसूत्रे आणि मेंदूतील गाठ

मेंदूतील कर्कगाठ आणि तिच्या भोवतीच्या चेतापेशी यांच्यात जो व्यवहार चालतो, त्याचा अभ्यास म्हणजे कॅन्सर न्यूरोसायन्स. चेतापेशी कामात असताना त्यांच्याजवळ न्यूरोलिजिन-३ हे प्रथिन सुटते आणि त्यावर ग्लायोमा या मेंदूतील कर्कगाठीच्या पेशी पोसतात, असे स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. चेतापेशी गाठीतील पेशींशी थेट सिनॅप्सही जुळवतात, हे २०१९ मध्ये त्यांच्या आणि हायडेलबर्गच्या फ्रँक विंकलर यांच्या गटांनी सिद्ध केले. २०२५ चे ब्रेन प्राइझ या दोघांना मिळाले. मोन्जे लहान मुलांच्या मेंदूतील कर्करोगांवर उपचार करतात, विंकलर मज्जाविकारतज्ज्ञ आहेत. दोघांचेही प्रश्न रुग्णांच्या खाटेजवळ उगवलेले.

हे सारे प्रयोग जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या कौशल्यावर उभे आहेत, आणि भारतात ते कौशल्य रुजवण्याचे श्रेय एका मराठी बाईंचे आहे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलगी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे वळली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिने १९४३ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, आणि त्यात विशेष अभ्यास होता सीताफळ-कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. दिवाळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी टोपल्या भरून येणारे हेच ते सीताफळ. गुणसूत्रे न्याहाळणारी नजर वनस्पतीवरून माणसाच्या पेशीवर गेली, तर त्यात नवल नव्हते.

गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाहानंतर त्या मुंबईत आल्या. तिथे त्यांना गुरू लाभले डॉ. वसंत रामजी खानोलकर. मूळ गोमंतकीय घराण्यातले, क्वेट्टा येथे जन्मलेले, लंडनला शिकलेले हे विकृतिशास्त्रज्ञ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या; १९५१ मध्ये शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या हेला या कर्कपेशी याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या. परतल्यावर त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचीही त्यांनी पाहणी केली. पेशी आणि पोट, दोन्ही त्यांच्या विज्ञानात होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रणदिवे यांची ती संशोधन संस्था टाटा मेमोरियल सेंटरचा भाग होऊन पुढे खारघरला ॲक्ट्रेक म्हणून वाढली. तेथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने लहान मुलांच्या मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचा अभ्यास केला. या गाठीचे चार मुख्य प्रकार. पैकी डब्ल्यूएनटी प्रकारच्या मुलांचे बरे होण्याचे प्रमाण सर्वांत चांगले. प्रकार ओळखण्यासाठी जनुके आणि सूक्ष्म-आरएनए मोजणारी चाचणी या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. चेतापेशी आणि गाठीच्या संवादाहून हे काम वेगळे, पण शस्त्रक्रियागृह, विकृतिशास्त्र आणि रेणूजीवशास्त्र यांतील माणसे तेथेही एकाच मेजाभोवती लागतात.

या चाचणीचे मोल नंदुरबारसारख्या जिल्ह्याला अधिक. ताजा नमुना गोठवून ठेवण्याची सोय सर्वत्र नसते. ही चाचणी मात्र मेणात बसवलेल्या ऊतीवर होते. नातेवाईक ज्याला नुसते 'ब्लॉक' म्हणतात, ती छोटी वडी गोठवावी लागत नाही. त्या जिल्ह्यातील धडगावच्या मुलाची असली, तरी सुरतमार्गे रेल्वेने मुंबईपर्यंत पिशवीतून नेता येते.