सातपुड्याची सरहद्द आणि ४९ वे अक्षवृत्त

कॅनडा आणि अमेरिका येथील लोक एकमेकांसारखे की भिन्न, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने राष्ट्रांची नावे क्षणभर बाजूस ठेवून मुलुखांची नावे घ्यावीत. कारण सस्कॅचेवानमधील गहू पिकविणारा शेतकरी क्वेबेकच्या फ्रेंचभाषी नागरिकापेक्षा सरहद्दीपलीकडील नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्यालाच राहणीने अधिक जवळचा. १८१८ साली ४९ वे अक्षवृत्त सरहद्द म्हणून मुक्रर झाले, तरी त्या मैदानांची माती आणि थंडी त्याने विभागली नाही, आणि ब्लॅकफूट लोक आजही त्याच्या दोन्ही अंगांस नांदत आहेत.

सातपुड्याच्या सरहद्दीवरील अचलपूरकराला हे सांगावे लागू नये. मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरे मध्य प्रदेशाच्या बैतुल जिल्ह्यात, परंतु यात्रेकरू उतरतो परतवाड्यास. बहिरमची यात्रा महाराष्ट्रात, परंतु पौषात तेथे रोडगे भाजणाऱ्यांत घाटापलीकडची कुटुंबेही असतात. १९०३ पासून वऱ्हाड आणि बैतुल या दोन्ही मुलुखांचा कारभार नागपूरहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मधून राज्याची सीमा गेली.

तथापि भेद नाहीत असे म्हणणे सत्याला सोडून होईल, आणि माझ्या मते ते रक्तातून वा स्वभावातून न येता कचेरीतून येतात. १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या वऱ्हाडात इंग्रजांनी रयतवारी लावली, म्हणून येथील खातेदार आपला सारा थेट सरकारात भरू लागला. बैतुलात मात्र रयत आणि सरकार यांच्यामध्ये मालगुजार उभा राहिला, तो १९५१ पर्यंत. वरिष्ठांपुढे बोलण्याची रीत, जमिनीविषयीचा अभिमान, कोर्टाची पायरी चढण्याची तयारी, या गोष्टी अशा दप्तरांतूनच पिढ्यान्‌पिढ्या घडतात. कॅनडातही ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठावंत म्हणून अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांनी राज्यसत्तेविषयीचा निराळा आदर बरोबर आणला, आणि पश्चिमेकडील मैदानांत १८७३ मध्ये स्थापन झालेले घोडेस्वार पोलीस बहुतेक वसाहतकऱ्यांच्या आधी पोहोचले. सरहद्दीच्या दक्षिणेस अनेक ठिकाणी वस्ती आधी झाली आणि कायदा मागाहून आला.

सर्वांत खोल भेद मला कोरकू आदिवासींच्या मुलांत दिसतो. मुंडा कुळातील त्यांची कोरकू भाषा मेळघाटात आणि बैतुलातील भैसदेहीच्या डोंगरांत एकच आहे. परंतु मेळघाटातील धारणीचे मूल शाळेत मराठी गिरवते, भैसदेहीचे हिंदी, आणि मोठेपणी अर्ज, दाखला, फिर्याद ज्या भाषेत लिहावयाची ती त्यांच्यासाठी १९५६ च्या रेषेने ठरविलेली असते. दोन्ही सरकारांनी एकत्र बसून कोरकूची एकच प्राथमिक पाठ्यपुस्तके तयार करावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.