मेंदूतील गाठींच्या कारणांचा शोध : अनेक राष्ट्रांचा संयुक्त प्रयत्न

मेंदूचा कर्करोग हा कर्करोगाच्या अन्य प्रकारांच्या मानाने विरळा आढळणारा विकार आहे. २०२२ साली जगभरात मेंदू व मध्यवर्ती मज्जासंस्थेच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख २० हजार नवे रुग्ण असावेत असा अंदाज करण्यात आला. म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारणपणे चार. या हिशेबाने पाच हजार वस्तीच्या गावात असा रुग्ण पाच वर्षांतून एकदा आढळावा. परंतु रोग असे वेळापत्रक पाळत नाही. एखाद्या गावात दहा वर्षे एकही रुग्ण नसतो आणि एखाद्या वर्षी दोन निघतात. त्याच सुमारास गावात मोबाइलचा मनोरा उभा राहिला असेल, तर लोक या दोन घटनांची सांगड घालतात. ग्रामसभेत विषय निघतो, पालक शिक्षकांना विचारू लागतात. तो योगायोग होता की कार्यकारणसंबंध, हे त्या गावाच्या आकड्यांवरून सांगता येणे शक्य नसते. जिल्ह्याच्याच काय, एखाद्या लहान राष्ट्राच्या आकड्यांवरूनही ते सांगणे कठीण असते.

या विकाराच्या कारणांचा शोध अनेक राष्ट्रांना एकत्र येऊन घ्यावा लागला तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली १९६५ साली स्थापन झालेली व फ्रान्समधील लिआँ येथे कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ही या कामातील एक प्रमुख संस्था होय.

निर्विवाद ठरलेले कारण

पेशींतील रासायनिक बंध तोडू शकणारे प्रारण, म्हणजे क्ष-किरण, गॅमा किरण इत्यादी, हे मेंदूतील गाठींचे बाह्य कारण म्हणून निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. याचा एक ठळक पुरावा एका उपचारातूनच मिळाला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये डोक्यावरील नायट्यासाठी हजारो मुलांच्या डोक्यावर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला होता. त्या काळी हा उपचार अनेक देशांत मान्य होता. अशा १०,८३४ जणांची माहिती इस्रायली व अमेरिकी संशोधकांनी पुढे दीर्घकाळ गोळा केली आणि हा उपचार न झालेल्या इतरांशी, त्यांत या मुलांच्या भावंडांशीही, तिची तुलना केली. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीचे प्रमाण उपचार झालेल्यांत सुमारे साडेनऊ पट, तर मेंदूतील आधारपेशींपासून उद्भवणाऱ्या ग्लायोमाचे प्रमाण अडीच पटींहून अधिक आढळले.

आजच्या सी. टी. स्कॅनमधील प्रारणाची मात्रा त्या उपचाराच्या मानाने पुष्कळच कमी असते. तरीही तिचा परिणाम अजमावण्यासाठी नऊ युरोपीय देशांनी संयुक्त अभ्यास हाती घेतला. वयाच्या बावीस वर्षांपूर्वी अशी तपासणी झालेल्या ६,५८,७५२ व्यक्तींच्या नोंदी त्यात तपासण्यात आल्या. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दहा हजार मुलांची डोक्याची एकेक तपासणी केली, तर पुढील पाच ते पंधरा वर्षांत त्या प्रारणामुळे मेंदूच्या कर्करोगाचा सुमारे एक रुग्ण वाढेल. डोक्याला गंभीर इजा झालेल्या मुलाची तपासणी टाळावी असा याचा अर्थ नव्हे. गरज नसताना ती करू नये आणि मात्रा बेताची ठेवावी, एवढाच याचा अर्थ.

मोबाइलचा प्रश्न

मोबाइलच्या रेडिओलहरी वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांची ऊर्जा रासायनिक बंध तोडण्यास पुरेशी नसते. तथापि कोट्यवधी लोक हे यंत्र कानाशी धरतात म्हटल्यावर, धोका अल्प असला तरी तो पडताळून पाहणे क्रमप्राप्त होते. लिआँच्या संस्थेच्या समन्वयाने १३ देशांत 'इंटरफोन' हा अभ्यास झाला. जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल व अनेक युरोपीय देश त्यात सहभागी होते. ३० ते ५९ वयोगटातील ग्लायोमाचे २,७०८ व मेनिन्जिओमाचे २,४०९ रुग्ण, तसेच त्यांच्याशी जुळणाऱ्या निरोगी व्यक्ती यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. खर्चाचा काही भाग मोबाइल उद्योगाकडून आला होता. परंतु तो त्रयस्थ संस्थेमार्फत देऊन संशोधकांचे स्वातंत्र्य राखण्याची व्यवस्था करण्यात आली होती.

२०१० साली निघालेला निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा होता. नियमित मोबाइल वापरणाऱ्यांत ग्लायोमाचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसले! मोबाइलने गाठीपासून संरक्षण मिळते, असे मानणे अर्थातच कठीण. निरोगी व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्यांनी मुलाखत दिलीच नाही, आणि न देणाऱ्यांत मोबाइल न वापरणारे अधिक होते, हे त्याचे संभाव्य कारण. याउलट, एकूण १,६४० तास वा त्याहून अधिक वापर सांगणाऱ्या गटात हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त निघाले. पण याच गटातील काहींनी दिवसाकाठी न पटण्याइतके तास सांगितले होते. आपल्याला गाठ का झाली, याचा विचार करीत बसलेल्या रुग्णाची स्मृती निःपक्ष राहत नाही, हा त्याचा दोष नव्हे. २०११ च्या मे महिन्यात लिआँच्या संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. पुरावा मर्यादित आहे, एवढेच त्या वर्गातून सूचित होते. वृत्तपत्रांतून मात्र 'कदाचित' हा शब्द पुष्कळदा गळून पडला.

स्मृतीवरील हे अवलंबन कमी करणे, हे पुढील अभ्यासांचे मुख्य सूत्र राहिले. १० ते २४ वयोगटासाठी १४ देशांत झालेल्या 'मोबी-किड्स' अभ्यासात भारतही सहभागी होता. ८९९ रुग्ण व १,९१० इतर व्यक्तींच्या माहितीवरून मोबाइलचा संबंध दिसून आला नाही. पाच युरोपीय देशांतील २,६४,५७४ व्यक्तींना आधीच नोंदवून, दूरध्वनी कंपन्यांच्या नोंदींचाही आधार घेऊन केलेल्या अभ्यासाने २०२४ साली हाच निर्वाळा दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेवरून ६३ अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. त्याचाही सूर तोच होता. कानाशी धरलेल्या यंत्रापासून डोक्याला मिळणाऱ्या मात्रेपेक्षा दूरच्या मनोऱ्याची मात्रा फारच कमी असते. शिवाय भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांश ठेवलेली आहे. मनोऱ्याच्या जागेबद्दल वा परवानगीबद्दल ग्रामपंचायतीची तक्रार असू शकते. ती त्याच नावाने मांडलेली बरी.

आनुवंशिकतेकडे वळलेली दृष्टी

२०१७ साली अनेक देशांतील १२,४९६ ग्लायोमा रुग्ण व १८,१९० इतर व्यक्ती यांच्या जनुकद्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली. तीत धोका किंचित वाढविणारी १३ नवी स्थाने सापडली. तत्पूर्वी २०१६ मध्ये, अमेरिका, ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्क व इस्रायल येथील संयुक्त अभ्यासात श्वसनमार्गाची अॅलर्जी असलेल्यांत ग्लायोमा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला होता. शरीराची सदैव सावध असलेली प्रतिकारयंत्रणा गाठीच्या पेशी आरंभीच नष्ट करीत असावी, असा तर्क यावरून केला जातो. मात्र बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत विशिष्ट कारण अद्याप दाखविता येत नाही, आणि 'आमचे काय चुकले' या कुटुंबीयांच्या प्रश्नाला 'काही नाही' हेच प्रामाणिक उत्तर आहे.

या सर्व संशोधनाचा पाया म्हणजे रुग्णांची अचूक नोंद. भारतात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीचा आरंभ मुंबईत १९६३ साली झाला. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तीत बार्शीसह शेजारच्या परांडा व भूम या तालुक्यांतील गावे घेण्यात आली. रुग्णालयाच्या दप्तरात ग्रामीण रुग्ण सहसा येतच नाहीत, हे ओळखून तेथील प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव जाऊन गावकऱ्यांशी बोलत, संशयित लक्षणांची विचारपूस करीत आणि रुग्णांना तपासणीस जाण्यास प्रवृत्त करीत.