जुन्या गाभ्याला नवे ठिगळ

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत यंत्राच्या पोटात काय घडते, याची वार्ता त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला सहसा नसते. स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा, बिनतारी संपर्काचे कार्ड या सर्वांची ओळख पटवून घेऊन त्यांना कामाला लावणारा एक आज्ञासंच असतो. त्याला कर्नल असे म्हणतात. लष्करातील कर्नलाशी या शब्दाचे काहीही नाते नाही. बदामाच्या कवचाआड जो गर असतो त्याचा हा वाचक आहे. मराठीत त्यास गाभा म्हणणे सोयीचे होईल.

लिनक्स हा असाच एक गाभा होय. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो आपल्या स्वतःच्या संगणकासाठी लिहावयास घेतला. आज अँड्रॉइडचे फोन त्यावर चालतात. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील एकूण एक यंत्रे २०१७ च्या नोव्हेंबरपासून याच गाभ्यावर चालत आली आहेत. इतक्या परस्परभिन्न यंत्रांत एकच गाभा नांदतो ही गोष्ट नवलाची खरी. पण त्याच्या परीक्षणातील सर्वांत मोठी अडचणही तीच आहे.

लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. प्रत्येक आवृत्तीत सामान्यतः दहा हजारांहून अधिक बदल असतात. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात आणि त्यानंतर दर आठवड्यास एक चाचणीप्रत काढून दोष निवारले जातात. हा वेग संशोधकाला मानवणारा असला तरी बँकेला, रुग्णालयाला किंवा ग्रंथालयाला मानवणारा नाही. भारतातील अनेक ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव ज्या कोहा प्रणालीने सांभाळली जाते, ती पुष्कळदा डेबियन अथवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर बसवलेली असते. अशा ठिकाणच्या ग्रंथपालाला गाभ्यातील नव्या सोयींशी कर्तव्य नसते. काल चालणारे यंत्र आजही तसेच चालावे, आणि दरम्यान एखादा दोष उघडकीस आला असेल तर तेवढाच दुरुस्त व्हावा, इतकीच त्याची अपेक्षा असते.

या अपेक्षेतून बॅकपोर्ट करण्याची रीत निघाली. नव्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती तेवढी उचलावयाची आणि मागील आवृत्तीत नेऊन बसवावयाची, असा या शब्दाचा अर्थ आहे. २००५ च्या मार्च महिन्यात ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी या कामास व्यवस्थित स्वरूप दिले, आणि तेव्हापासून स्थिर आवृत्त्यांची एक स्वतंत्र परंपरा चालू आहे. तिचे नियम कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात स्वीकारलेली असली पाहिजे. ती शंभर ओळींहून मोठी असता कामा नये. आणि लोकांना खरोखर त्रास देणारा दोष तिने दूर केला पाहिजे. व्यापारी वितरणे याहूनही पुढे जातात. रेड हॅट कंपनीच्या सातव्या आवृत्तीचा गाभा २०१४ पासून २०२४ पर्यंत आपला क्रमांक ३.१० असाच सांगत होता; मात्र त्याच्या पोटात पुढील काळातील असंख्य सुधारणा आणून बसवलेल्या होत्या. तेव्हा केवळ क्रमांकावरून गाभ्याचे वय ठरवू पाहणारा फसतो.

इंग्रजीत अशा दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. वस्त्राच्या ठिगळात आणि या ठिगळात एक भेद आहे, आणि सगळी मेख त्या भेदात आहे. कापडाचे ठिगळ फाटलेल्या जागेपुरतेच असते; बाहीच्या ठिगळाने गळ्याला काही होत नाही. गाभ्यातील दुरुस्तीला मात्र तिच्या भोवतालच्या रचनेचा आधार असतो. ती लिहिणाऱ्यापुढे नवी रचना असते. सहा महिन्यांपूर्वी आणखी कोणी केलेला एखादा बदल तो गृहीत धरून चालतो, आणि तसे गृहीत धरले आहे हे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. ती ओळ जुन्या गाभ्यात आणून बसवली असता अक्षरशः चपखल बसते, भाषांतरक यंत्रणाही कुरकुर करीत नाही, आणि अर्थ मात्र बदललेला असतो. (एका भाषेतील वाक्प्रचार दुसरीत शब्दशः आणणाऱ्यास ही जात परिचित असावी.)

यास्तव मागे आणलेल्या प्रत्येक संचाचे परीक्षण करावे लागते. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी तिच्यातील सर्व दुरुस्त्या परीक्षणार्थ खुल्या केल्या जातात आणि साधारणपणे दोन दिवसांची मुदत दिली जाते. तेवढ्या अवधीत निरनिराळ्या संस्था आणि स्वयंसेवक ती आपापल्या यंत्रांवर चालवून पाहतात. इंटेल व एएमडीचे ६४ बिटांचे प्रोसेसर, जुने ३२ बिटांचे, फोनमधील आर्म, आयबीएमच्या महायंत्रांतील एस३९०, नव्याने पुढे आलेला रिस्क-फाइव्ह अशा नाना कुळांची यंत्रे यात येतात. त्यांतील काही बहुबाइट संख्येचा मोठा भाग आधी ठेवतात तर काही लहान भाग आधी ठेवतात, आणि एकावर निर्दोष ठरलेली आज्ञा दुसऱ्यावर उलटी वाचली जाऊ शकते. प्रत्येक जातीचे यंत्र जवळ असणे अशक्य असल्याने यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅमही वापरतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु नकली यंत्र नियमपुस्तकाबरहुकूम वागते, आणि खऱ्या यंत्रांचे तसे नसते. अर्धवट लिहिलेले बायोस, झोपेतून नीट जागे न होणारे कार्ड, तापल्यावरच चुकणारी स्मृती हे गुण नकलेत उतरत नाहीत. म्हणून कपाटात पडलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही परीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा असतो.

परीक्षणाची पहिली अट अशी की, जुना गाभा काढून टाकू नये. नवा गाभा त्याच्या शेजारी बसवावा आणि प्रारंभीच्या यादीतून हवा तो निवडण्याची सोय ठेवावी. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन नावाचा प्रोसेसरमधील दोष जाहीर झाला तेव्हा त्यावरील उपाय घाईघाईने जुन्या गाभ्यांत न्यावे लागले. उबुंटू १६.०४ साठी ४.४ या गाभ्यावर केलेली अशी एक दुरुस्ती ९ जानेवारीस प्रसिद्ध झाली आणि काही यंत्रे तिच्यावर सुरूच होईनात. दुसऱ्याच दिवशी सुधारलेली प्रत काढण्यात आली. ज्यांच्याकडे मागील गाभा शिल्लक होता त्यांनी तो निवडून मधला दिवस निभावला.

दुसरी अट मोजमापाची आहे. नवा गाभा लावण्यापूर्वी जुन्याच्या नोंदवहीची एक प्रत जपून ठेवावी लागते. प्रत्येक गाभा सुरू होताना कोणते उपकरण सापडले, कोणते रुसले, याची बारीक नोंद करतो. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवल्या म्हणजे नवी तक्रार कोणती आणि पूर्वीपासूनची कोणती ते कळते. ही तुलना न करता केलेल्या तक्रारींत विकासकांचा बराच वेळ व्यर्थ जातो. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करून सुरू करणे, झोपवून उठवणे, बिनतारी संपर्क तोडून पुन्हा जोडणे, मोठी फाइल लिहून तिची बेरीज पडताळणे अशी कामे येतात. त्यांत चातुर्याचा भाग थोडा आणि चिकाटीचा अधिक. दोष आढळलाच तर तो कोणत्या बदलाने आला हे शोधण्याची एक सुंदर युक्ती आहे: बदलांच्या रांगेच्या मध्यावर उभे राहून दोष आहे की नाही ते पाहावयाचे, आणि दरवेळी निम्मी रांग बाद करावयाची. हजार बदलांतून एक गुन्हेगार अशा रीतीने दहा फेऱ्यांत सापडतो.

या कामात जोखीमही असते. २००८ साली २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणीप्रती चालवणाऱ्या काहींच्या यंत्रांतील इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी झाली. कार्डाच्या स्वतःच्या स्थायी स्मृतीतील मजकूर पुसला गेला होता, त्यामुळे जुना गाभा परत लावूनही उपयोग नव्हता. सर्वांचा संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर होता. प्रत्यक्षात दोष निघाला तो गाभ्यातील आज्ञांचा माग काढणाऱ्या एका नव्या सोयीत. स्मृतीतील जी जागा पूर्वी तिची होती ती नंतर कार्डाकडे गेली होती, आणि ही सोय तेथे लिहितच राहिली होती.

हे सर्व असूनही चूक निसटते कशी, याचे उत्तम उदाहरण २०२३ सालचे आहे. डेबियनची बारावी आवृत्ती ६.१ या गाभ्यावर उभी होती. या गाभ्याची ६.१.६४ ही सुधारित प्रत २८ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली. तिच्यात एक्स्ट-४ या, लिनक्सवर अत्यंत रूढ असलेल्या, फाइलव्यवस्थेसाठी एक दुरुस्ती मागे आणलेली होती. डिस्कवर थेट लिहिण्याची जी पद्धत आहे तिच्यातील एक उणीव दूर करणे, हा तिचा हेतू होता.

त्या दुरुस्तीने काय केले हे समजण्यास वही लिहिणाऱ्या कारकुनाची कल्पना करावी. एक नोंद पुरी झाली की तो बोट पुढील कोऱ्या ओळीवर सरकवतो, म्हणजे दुसरी नोंद योग्य जागी पडते. गाभ्यातही प्रत्येक उघड्या फाइलीसाठी असे एक बोट असते. पूर्वी थेट लेखन संपले की एक्स्ट-४ वरच्या थराला ‘शून्य’ असे कळवीत असे, आणि शून्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा धरून तो थर बोट पुढे सरकवीत असे. नव्या दुरुस्तीनंतर एक्स्ट-४ शून्याऐवजी किती बाइट लिहिले तो आकडा कळवू लागली. मुख्य प्रवाहात वरचा थर आधीच बदललेला असल्याने त्याला हा आकडा समजत होता. ६.१ मध्ये मात्र तो पूर्वतयारीचा बदल आणलाच गेला नव्हता. तेथील वरचा थर शून्याचीच वाट पाहत होता; शून्य न मिळाल्याने त्याने बोट जागचे हलवले नाही, आणि पुढची नोंद आधीच्या नोंदीवरच लिहिली गेली. यंत्र थांबले नाही, कोणतीही सूचना पडद्यावर आली नाही. लिहिलेला मजकूर मुकाट्याने नाहीसा होत होता.

अशा लेखनाची चाचणी घेणारा एक लहानसा प्रोग्रॅम परीक्षणसंचात होताच. तो फाइलीत प्रथम ‘ए’ अक्षरांचा एक ठोकळा लिहितो, मग ‘बी’ अक्षरांचा, आणि दोन्ही परत वाचून पाहतो. ६.१.६४ परीक्षणार्थ खुली असतानाच तो अनुत्तीर्ण झाला होता: ‘ए’ हवे तेथे ‘बी’ सापडले. तशी नोंदही परीक्षकांनी कळवली. तरी आवृत्ती बाहेर पडली. शेकडो दुरुस्त्यांच्या गर्दीत आणि दोन दिवसांच्या मुदतीत त्या एका ओळीचा अर्थ वेळेवर लागला नाही, असेच म्हणावे लागते. परीक्षण झाले नव्हते, ही तक्रार येथे करता येत नाही. झालेल्या परीक्षणाचा निकाल वाचून, थांबा, असे म्हणणारा माणूस त्या दोन दिवसांत मिळाला नाही.

९ डिसेंबरला डेबियनची १२.३ ही प्रत प्रसिद्ध व्हावयाची होती. त्याच दिवशी ती थांबवण्यात आली आणि सध्या कोणीही यंत्र अद्ययावत करू नये, विशेषतः ज्यांची यंत्रे आपोआप अद्ययावत होतात त्यांनी सावध राहावे, असे जाहीर आवाहन करण्यात आले. ६.१.६६ हा गाभा आदल्याच दिवशी निघाला होता; त्यात हा दोष दूर केलेला होता. तो बसवून १० डिसेंबरला १२.४ प्रत निघाली.

पण त्या ६.१.६६ मध्ये बिनतारी संपर्कासंबंधी दुसरी एक दुरुस्ती मागे आणलेली होती, आणि तिचीही गत तीच झाली. ती ज्या नव्या गाभ्यासाठी लिहिली होती त्यातून एक कुलूप काही महिन्यांपूर्वी काढून टाकलेले होते. जुन्या गाभ्यात ते कुलूप होतेच. नव्या दुरुस्तीतील काही वाटांनी बाहेर पडताना ते उघडण्याची आज्ञा नव्हती, कारण लिहिणाऱ्याच्या समोर कुलूपच नव्हते. त्यामुळे काही यंत्रांवर एकदा लागलेले कुलूप तसेच राहिले, संपर्काची देखरेख करणारा प्रोग्रॅम त्याच्यापाशी खोळंबला, आणि यंत्र झोपवताना वा बंद करतानाही अडकून पडू लागले. तारेने जोडलेल्या यंत्रांवर यांपैकी काहीच होत नव्हते. ज्या परीक्षकाजवळ केवळ तशीच यंत्रे होती त्याला हा दोष, त्याने कितीही काळजी घेतली असती तरी, दिसला नसता. ज्यांना दिसला त्यांच्या तक्रारींवरून ११ डिसेंबरला ६.१.६७ काढून तो बदल मागे घेण्यात आला.