शेगावच्या वाटेची शिदोरी

पहाटे ५. उद्या बुलडाण्याहून शेगावला पायी निघायचं आहे, गजानन महाराजांच्या प्रकट दिनासाठी. बोथ्याच्या जंगलातून खामगाव सुमारे ५० किलोमीटर, तिथून शेगाव आणखी १६-१७. मुक्काम वाटेत, ओझं आपल्याच पाठीवर. म्हणून आजचा दिवस स्वयंपाकघराचा. गहू ओलवून, सडून, वाळवून आधीच ठेवले होते. ते लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायला घेतले. सातूचं सगळं यश या भाजण्यात असतं. गहू खमंग हवा, करपता कामा नये. गव्हाच्या निम्म्या डाळ्या, मूठभर जिरं, सुंठ. एवढंच.

सकाळी ७. चहा घेता घेता वजनाचा हिशेब. पाठीवर सर्वांत जड असतं ते पाणी, आणि शिजलेल्या अन्नात ते लपून बसलेलं असतं. तांदूळ शिजला की वजनाने अडीच-तीन पट होतो, आणि ही वाढ निव्वळ पाण्याची. वाटेतल्या गावात पाणी मिळणारच असेल, तर ते घरून का वाहायचं? म्हणून अन्नातलं पाणी घरीच काढून टाकायचं, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम स्निग्धाचा. एक ग्रॅम पिठातून किंवा गुळातून साधारण ४ कॅलरी मिळतात, तेलातुपातून ९. शंभर ग्रॅम शेंगदाणे साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात, तीळही तेवढेच. मुरमुऱ्यांचा चिवडा हातात हलका लागतो खरा, पण अर्धी सॅक अडवतो आणि दुपारपर्यंत त्याचा चुरा होतो. मी तो नेत नाही. माणशी दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न धरलं, की दोन हजार कॅलरींच्या पुढे जाता येतं.

सकाळी ९. चक्की. सातू जरा रवाळ दळून आणला. गरम पीठ लगेच डब्यात भरलं की आत वाफ धरते, म्हणून परातीत पसरून ठेवलं. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ‘कोमट भरशीन तं इटन सारं.’ त्यांच्या माहेरी शेतावर जाताना गाठोड्यात सातू आणि गुळाचा खडा असे. विस्तव नको, भांडं नको. वाटीभर पाणी घातलं की जेवण तयार. आज बाजारात गिर्यारोहकांसाठी महागडी पाकिटं मिळतात, त्यांचं तत्त्व नेमकं हेच आहे. आपल्याकडे ते आधीपासून आहे, ते टिकवायला हवं.

सकाळी ११. जवसाची चटणी. जवस तडतडेपर्यंत भाजले, लाल मिरची भाजली, लसूण पातळ चिरून कुरकुरीत होईपर्यंत परतला. कच्चा लसूण घातला तर त्याच्या ओलाव्याने चटणी लवकर बिघडते. मीठ थोडं वरचढ टाकलं. घाम जातो, तेव्हा ते हवं असतं. त्याच कढईत तीळ, मग शेंगदाणे. पाक न करता गूळ किसून, कुटून लाडू वळले. पाकाचे लाडू थंडीच्या सकाळी दाताला कडक लागतात.

दुपारी २. गेल्या उन्हाळ्यातल्या बाजरीच्या खारोड्या डब्यातून काढल्या. भरड बाजरी तिखट-मीठ-तीळ घालून शिजवायची, गोळे उन्हात वाळवायचे. वर्षभर टिकतात. तळायची गरज नाही, शेंगदाण्यांबरोबर तशाच चावून खाव्यात. चालताना खाण्यासाठी याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही.

दुपारी ४. दशम्या. कणीक पाण्याऐवजी गूळ विरघळवलेल्या दुधात भिजवली, तूप घातलं, दोन्ही बाजूंनी नीट भाजल्या. दूध-तुपामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. कापडावर सुट्या पसरल्या. एकावर एक रचल्या तर घाम धरतात.

संध्याकाळी ६. भरणं. प्रत्येक दिवसाची वेगळी कापडी पिशवी, सातूला झाकणाचा डबा. वाटेत फेकावं लागेल असं काहीच घेतलं नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात महाराज पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं त्यांच्या चरित्रात आहे. त्यांच्या दर्शनाला जाताना रस्त्यावर अन्न आणि प्लास्टिक सांडत जाणं मला पाहवत नाही.

बोथ्याकडून जाणारा रस्ता तर ज्ञानगंगा अभयारण्यातला. इथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला रेडिओ कॉलरचा वाघही २०१९च्या डिसेंबरात इथेच येऊन पोहोचला होता. या टप्प्यात चूल मांडणं नाही, खरकटं टाकणं नाही. दिवसाउजेडी पार व्हायचं आणि चालता चालता खारोड्या-लाडू खायचे.

रात्री ९. सॅक भरली. जड डबा पाठीला लागून, उद्याच्या दशम्या वर, चटणी बाजूच्या कप्प्यात. काट्यावर टाकली तर अन्नाचं वजन माणशी किलोभर.

तुम्हीही यंदा पायी निघणार असाल, तर दशम्या पहिल्या दिवशीच संपवा आणि सातू दुसऱ्या दिवसासाठी राखा. जंगलाच्या टप्प्याआधी बाटल्या भरून घ्या, आणि पिशव्या रिकाम्या झाल्या की घरी परत आणा.