आकाशाचे दप्तर

पुण्यात शिवाजीनगरहून विद्यापीठाच्या दिशेने जाणाऱ्या माणसाला वाटेत एक जुनी, भव्य वास्तू लागते. भारतीय हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून हलवून येथे आणण्यात आले. पुढे ते दिल्लीस गेले. परंतु पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ हे नाव आजतागायत कायम आहे. या कचेरीचा पावसाच्या अंदाजाशी असलेला संबंध सर्वांस ठाऊक असतो. मात्र आपल्या डोक्यावर कित्येक मैल उंचीवर असलेल्या ओझोन नामक विरळ वायूची मोजदाद करण्याच्या जागतिक उद्योगातही याच खात्याच्या माणसांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. १९४८ साली पुण्यात या खात्यात रुजू झालेल्या अ‍ॅना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली बलूनला बांधून आकाशात सोडावयाचे ओझोनमापक यंत्र भारतात तयार झाले. आणि त्याच खात्यात उमेदीची वर्षे घालवून पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झालेले के. आर. रामनाथन यांनी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपद भूषविले.

या कामात कीर्ती थोडी आणि चिकाटी फार. त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच यंत्राने वर्षानुवर्षे आकडा टिपून ठेवावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप. तथापि गेल्या शंभर वर्षांत मानवजातीवर ओढवलेले एक महासंकट जे टळले, ते या साध्या नोंदवह्यांमुळेच टळले, असे माझे ठाम मत आहे. आणि आज आपल्या शहरांची हवा ज्या अवस्थेस पोहोचली आहे तिच्यावरचा उपायही त्याच वाटेने सापडेल, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

तीन मिलिमीटरांचे छत्र

आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांना १८३९ साली विजेच्या प्रयोगांत एक विशिष्ट उग्र दर्प जाणवला, आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्यांनी त्या वायूचे नामकरण केले. १९१३ साली फाब्री आणि ब्यूसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वातावरणाच्या वरच्या भागात त्याचा थर असल्याचे दाखविले. १९३० साली सिडनी चॅपमन यांनी सूर्यप्रकाशाच्या योगाने तो कसा घडतो व मोडतो याची उपपत्ती मांडली. आणि ऑक्सफर्डचे डॉब्सन यांनी तो मोजण्याचे असे उत्कृष्ट साधन निर्माण केले की, त्या मोजमापाच्या एककास आजही त्यांचेच नाव आहे. डॉब्सन यांनी १९२८ च्या सुमारास आपली यंत्रे जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत धाडली, त्यांतील एक आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत आले.

भूपृष्ठापासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरात हा वायू प्रामुख्याने पसरलेला आहे. पण वातावरणातील सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली व शून्य अंश तापमानात एकत्र आणला, तर त्याचा थर अवघा तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. एवढ्या तलम आच्छादनावर पृथ्वीवरील जीवसृष्टीची सुरक्षितता अवलंबून आहे. कारण सूर्याच्या अतिनील किरणांपैकी जे सर्वांत घातक, ते हे आच्छादन जवळजवळ पूर्णपणे अडविते, आणि त्यांच्या खालोखाल घातक असलेल्यांचा बहुतांश शोषून घेते. हे आच्छादन क्षीण झाले म्हणजे माणसांत त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू बळावतो, अनेक पिकांची वाढ खुंटते, आणि ज्यांच्यावर सागरातील अन्नसाखळीचा पाया रचलेला आहे त्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचे जीवन धोक्यात येते.

निरुपद्रवी म्हणून गौरविलेला वायू

या छत्रावर घाला घातला तो कोणा दुष्टाने घातला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शीतकपाटांत अमोनिया आणि सल्फर डायॉक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत, आणि गळती झाली तर माणसे दगावत. त्यावर तोड म्हणून १९२८ साली अमेरिकेतील टॉमस मिजली या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह क्लोरोफ्लुओरोकार्बन या कुळातील वायू सिद्ध केला. तो जळत नाही, त्याला वास नाही, आणि तो विषारी नाही, हे पटविण्यासाठी मिजलीने १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला व त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवून दाखविली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वायू शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवाऱ्यांच्या डब्या आणि फोमच्या गाद्या अशा वाटांनी घरोघर पोहोचला. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्तीही याच मिजलीने १९२१ साली शोधून काढली होती, आणि तिच्यामुळे जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे उतरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार होण्यास २००० साल उजाडावे लागले.

क्लोरोफ्लुओरोकार्बनचा गुण तोच त्याचा दोष ठरला. तो कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून तो नष्टही होत नाही. त्याचे काही प्रकार पन्नास, तर काही शंभर वर्षे वातावरणात टिकतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांना १९७१ च्या आपल्या सागरी सफरीत अटलांटिकवरच्या निर्मळ हवेतही तो आढळला. या वायूचे शेवटी होते काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हाती घेतला, आणि १९७४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उत्तर दिले: तो सावकाश स्थितांबरात चढतो, तेथील प्रखर अतिनील किरणांनी फुटतो, त्यातून क्लोरीनचा अणू मोकळा होतो, आणि तो अणू स्वतः अबाधित राहून ओझोनचे रेणू एकामागून एक मोडीत सुटतो, असा एक अणू सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो. नत्राच्या ऑक्साइडांचा ओझोनवर होणारा असाच परिणाम पॉल क्रुट्झेन यांनी १९७० सालीच दाखविला होता. या तिघांना १९९५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण १९७४ साली उत्पादकांकडून रोलंड-मोलिनांच्या वाट्यास आली ती प्रायः अवहेलना.

हॅलेची नोंदवही

दक्षिण ध्रुवखंडावर हॅले येथे ब्रिटिशांचे एक ठाणे आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, म्हणजे १९५७ च्या सुमारास, तेथे डॉब्सनच्या यंत्राने ओझोन मोजण्यास आरंभ झाला, आणि पुढे पाव शतक तो क्रम अखंड चालू राहिला. जोसेफ फार्मन आणि त्यांचे सहकारी गार्डिनर व शँक्लिन यांना त्या नोंदींत दिसले की, ऑक्टोबर महिन्याचा आकडा पूर्वी ३०० एककांच्या आसपास असे, तो सत्तरीच्या उत्तरार्धापासून घसरत घसरत १९८४ पर्यंत २०० च्याही खाली आलेला आहे. ही वार्ता १९८५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली आणि वैज्ञानिक जगत हादरले. अमेरिकेचा कृत्रिम उपग्रह याच प्रदेशावरून फिरत होता. परंतु अपेक्षेबाहेरचे अतिशय कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला काढण्याची तजवीज त्याच्या आज्ञावलीत असल्यामुळे तो ऱ्हास वेळीच ध्यानी आला नव्हता. आकड्यांची फेरतपासणी होताच उपग्रहानेही हॅलेच्या नोंदवहीस पुष्टी दिली.

ओझोनच्या छत्रातील हे विवर नेमके दक्षिण ध्रुवावरच का पडावे, याचा उलगडा सुसान सॉलोमन आदी शास्त्रज्ञांनी केला. ध्रुवावरील दीर्घ रात्रीत तेथील हवा वाऱ्याच्या भोवऱ्यात कोंडली जाते, तापमान उणे ७८ अंशांखाली जाते आणि स्थितांबरातही ढग बनतात. त्या ढगांच्या कणांवर निष्क्रिय संयुगांतील क्लोरीन सुटा होऊन बसतो, आणि वसंतातल्या पहिल्या सूर्यकिरणांबरोबर तो ओझोनचा संहार सुरू करतो. या विवराने ध्रुवावरील तापमानाचा तोल ढळला, आणि दक्षिण गोलार्धातील पश्चिमी वाऱ्यांचा पट्टाही ध्रुवाकडे सरकला.

जगाचा तहनामा

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे ओझोनचा नाश करणाऱ्या द्रव्यांवर निर्बंध घालणारा करार संमत झाला. त्या दिवशी विमानांनी ध्रुवावरून आणलेला क्लोरीनच्या अपराधाचा निर्णायक पुरावा अद्याप पुरता छापूनही झालेला नव्हता. संपूर्ण खातरी पटेपर्यंत थांबावयाचे नाही, परंतु दर काही वर्षांनी शास्त्रज्ञांकडून रुजुवात करून घेऊन निर्बंध कमीअधिक करावयाचे, ही तरतूद मूळ मसुद्यातच होती. म्हणूनच आरंभी उत्पादन निम्म्यावर आणण्यापुरता मर्यादित असलेला करार १९९० साली लंडनला आणि १९९२ साली कोपनहेगनला कडक होत गेला.

भारताने लंडनच्या बैठकीत घेतलेली भूमिका येथे नमूद करणे अगत्याचे आहे. श्रीमंत देशांनी अर्धशतक वापरलेल्या द्रव्यांचा भुर्दंड गरीब देशांनी का सोसावा, हा भारत व चीन यांचा रास्त सवाल होता. तो मान्य होऊन पर्यायी तंत्राचा खर्च भागविणारा बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरांची तरतूद झाली, आणि हे दोन देश सामील झाल्यास ती २४ कोटींपर्यंत नेण्याचे ठरले. १९९२ साली भारत करारात दाखल झाला आणि २०१० च्या मुदतीत त्याने क्लोरोफ्लुओरोकार्बनचा वापर आटोपता घेतला. पुढे जगातील झाडून सारी राष्ट्रे या करारात आली.

तरीही पहारा सैल करून चालत नाही, याचा दाखला २०१८ साली मिळाला. बंदी असलेल्या एका द्रव्याचे प्रमाण अपेक्षेइतके घटत नसल्याचे मापनकेंद्रांच्या ध्यानी आले. माग काढता काढता त्या उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे निष्पन्न झाले, आणि बभ्रा होताच ते पुन्हा उतरले. ज्या पर्यायी वायूंनी क्लोरीनयुक्त वायूंची जागा घेतली ते ओझोनला बाधक नसले तरी पृथ्वीची उष्णता वाढविणारे निघाले, म्हणून २०१६ साली किगाली येथे तेही कमी करण्याचे ठरले. भारताने यासाठी २०४७ पर्यंतचे वेळापत्रक पत्करले आहे.

आपल्या उंबरठ्यावरची हवा

आता नजर खाली वळवू. जो ओझोन वर संजीवक, तोच जमिनीलगत विष. वाहने आणि कारखाने यांतून निघणारी नत्राची ऑक्साइडे व बाष्पनशील कार्बनी द्रव्ये यांच्यावर कडक ऊन पडले की तो तयार होतो, फुप्फुसांचा दाह करतो, आणि गहू व सोयाबीन यांसारख्या पिकांचे उत्पन्न घटवितो. सोयाबीनवर ज्यांचा संसार चालतो त्या मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांनी ही बाब ध्यानी घेण्याजोगी आहे.

त्याहून भीषण आहेत ते सूक्ष्म धूलिकण. अडीच मायक्रॉनांहून बारीक असलेला कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या श्लेष्म्याला चुकवून फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो व तेथून रक्तात उतरतो; दमा, हृद्रोग आणि पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली. आपल्या देशाचे २००९ पासूनचे मानक ४० आहे.

या विषयात कायद्याचा अभाव आहे असे नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या धुरांड्यांसाठी १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. वायुप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ सालचा आहे. तरीही चेंबूर-माहुलच्या रहिवाशांनी कारखान्यांच्या वायूंत पिढ्या काढल्या, आणि चंद्रपूरकरांनी कोळशाच्या खाणी व औष्णिक केंद्राच्या राखेत. मुंबईला समुद्रवाऱ्याचे वरदान आहे. पण हिवाळ्यात ते वारे मंदावले आणि तापमानाच्या विपरीततेमुळे थंड हवा खालीच कोंडली की, बांधकामांची धूळ, डिझेलचा धूर आणि पेटविलेला कचरा यांचे आवरण शहरावर दिवसेंदिवस ठाण मांडून बसते. २०२३ च्या ऑक्टोबरात महानगरपालिकेला बांधकामाच्या धुळीबाबत सविस्तर नियम जारी करावे लागले, ते यामुळेच.

कोणी म्हणेल, ओझोनचा गुन्हेगार एक होता, मोजक्या कारखान्यांत तो तयार होई आणि त्याला पर्याय उपलब्ध होता. खालची हवा बिघडविणारे हात लाखो आहेत. हे खरे आहे, आणि म्हणूनच हे काम अधिक कठीण आहे. पण माँट्रियलच्या करारास ज्या तीन गोष्टींनी यश दिले त्या येथेही लागू पडतात: अखंड व उघडे मोजमाप, निश्चित मुदत, आणि ज्याला बदल परवडत नाही त्याच्या खर्चाची सोय. पहिल्या गोष्टीत आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही यंत्रणा २०१३ पासून पुण्यास आणि २०१५ पासून मुंबईस हवेच्या प्रतीचा अंदाज रोज देत आहे. दुसऱ्या गोष्टीत आपण अडलो आहोत. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाने उद्दिष्टे ठरविली, पण ती न गाठल्यास जाब कोणास विचारावयाचा याला कायद्याचा आधार नाही. आणि चुलीपुढे बसणारी बाई, जुन्या टेम्पोवर पोट भरणारा चालक आणि छोटा वीटभट्टीवाला यांना नुसते हुकूम सोडून काही साधणार नाही. त्यांच्यासाठी निधी हवा, हा भारताने जगाला शिकविलेला धडा भारताने स्वतःच्या घरीही पाळला पाहिजे.

वाचकांपाशी माझे मागणे थोडे आहे. शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्र दुरुस्त करताना कारागिराने आतला वायू हवेत सोडून दिला तर त्यास हटकावे. गल्लीत कचरा पेटविला जात असेल तर तक्रार नोंदवावी व तिचा पाठपुरावा करावा. दिवाळीत फटाक्यांचा मोह आवरावा. आणि पावसाचा आकडा आपण जितक्या आस्थेने वाचतो तितक्याच आस्थेने आपल्या गावच्या हवेचा आकडा रोज वाचून, तो चढला तर आपल्या नगरसेवकास त्याचा हिशेब मागावा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या शास्त्रीय अहवालानुसार, सध्याचे निर्बंध पाळले गेले तर जगाच्या बहुतेक भागांतील ओझोन २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावरचा २०४५ च्या आणि दक्षिण ध्रुवावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल. आज जे मूल पहिल्यांदा आकाशकंदील लावीत आहे, त्याच्या हयातीत ते विवर बुजलेले असेल. त्याच्या श्वासातली हवाही तोवर निर्मळ व्हावी, यासाठी जे करावयाचे ते मात्र आपल्या हयातीतच करावे लागेल.