बायोडाटा: लग्नाचा नव्हे, नोकरीचा

बायोडाटा म्हटलं की आपल्याला आधी लग्नाचाच आठवतो. उंची, वर्ण, रास, मामाचं कूळ. नोकरीच्या बायोडाट्यात यातलं काही लागत नाही. नवरा काय करतो, मुलं किती, हेही नको. समोरच्याला एवढंच कळायला हवं की ही बाई कोणतं काम करू शकते आणि ते तिने कुठे केलं आहे.

गाडी अडते ती इथेच. ‘अनुभव’ या शब्दापुढे आपल्यातल्या कितीतरी जणी ‘काही नाही, घरीच असते’ असं लिहून मोकळ्या होतात. आम्हाला हे मुळीच पटत नाही. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं? बचतीची, कर्जाची वही कोण ठेवतं, बँकेत भरणा कोण करतं? हा अनुभवच आहे, फक्त तो मोघम लिहायचा नाही. ‘गटाचे काम केले’ यावरून कुणाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: ‘2019 पासून 12 महिलांच्या बचत गटाची सचिव. बचत व कर्जाच्या नोंदवह्या ठेवते, बँकेचे व्यवहार करते.’ दुकानात हिशेबाला किंवा पतसंस्थेत कारकुनीला बाई हवी असेल, तर नजर याच ओळीवर थांबेल. शाळेत पोषण आहार शिजवत असाल, तर रोज किती मुलांचा ते लिहा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला तेच हवं असतं. शिवणकाम असेल तर कोणते कपडे, कोणत्या मशीनवर. आकडा मात्र खराच लिहा, मुलाखतीत त्यावरच विचारतात.

कागद एकच पुरे. वर नाव, गाव, तालुका, मोबाईल. नंबर स्वतःचा द्या. नवऱ्याचा दिला आणि तो रानात असताना फोन आला, तर बोलावणं तिथेच राहतं! मग अनुभव, अलीकडचा आधी. मग शिक्षण; नववी झाली असेल तर नववी लिहा, एमएस-सीआयटी केलं असेल तर तेही. आधार क्रमांक आणि बँक खात्याचा नंबर लिहू नका.

नावाचा घोळ आपल्या बायकांच्याच वाट्याला येतो. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं. बायोडाट्यात आधारवरचं नाव लिहा, कंसात पूर्वीचं, आणि विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

अंगणवाडी मदतनीसासारख्या पदांना ठरलेला अर्ज असतो, तिथे बायोडाट्यावर भागत नाही. पण तो अर्ज भरताना हाच कागद समोर ठेवला की तारखा चुकत नाहीत.

कागद दिला की कुठे, कुणाला, कोणत्या तारखेला ते वहीत टिपा आणि आठ दिवसांनी फोन करून विचारा. विचारण्यात कसली लाज? कागदपत्रांची झेरॉक्स द्या, मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नका. नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा.

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढून जोड्या करा. एकीने सांगायचं, दुसरीने लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिचा कागद आधी.